एक किलो औषध, पण कचरा किती?

घरोघरी औषधांच्या डब्यात पॅरासिटामॉलची एखादी पट्टी असतेच. ताप आला, अंग दुखले की गोळी घ्यायची आणि कामाला लागायचे, ही आपली रीत. गोळीची किंमत आपल्याला ठाऊक असते. तिची मुदत कधी संपते, हेही आपण पट्टी उलटून पाहतो. मात्र ती तयार होताना कारखान्याच्या मागच्या दाराने काय बाहेर पडले, हे पट्टीवर कुठेच छापलेले नसते.

नेदरलँड्समधील रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली हाच हिशेब मांडला. एक किलो माल तयार होताना किती किलो कचरा होतो, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता. उत्तर मात्र चक्रावून टाकणारे निघाले. ज्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना आपण सर्वांत घाणेरडे समजतो, तेथे एक किलो मालामागे १०० ग्रॅमदेखील कचरा होत नव्हता. रंग व सुगंधी द्रव्यांसारख्या बारीक रसायनांमध्ये तो ५ ते ५० किलो होता, आणि औषधांमध्ये २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही जास्त! जी वस्तू अधिक शुद्ध, तिच्यामागचा उकिरडा अधिक मोठा, असा हा उफराटा न्याय आहे.

हा उकिरडा कमी कसा करायचा? या प्रश्नाची अनेक उत्तरे आहेत. त्यांपैकी एक उत्तर मूठभर काळ्या भुकटीत दडलेले आहे.

बिछडीच्या विहिरी

त्या भुकटीकडे वळण्यापूर्वी राजस्थानातल्या एका गावाची हकिकत पाहिली पाहिजे. उदयपूर जिल्ह्यातील बिछडी या गावाजवळ १९८८ च्या सुमारास ‘एच-आम्ल’ नावाच्या रसायनाचे उत्पादन सुरू झाले. कापडाच्या रंगांसाठी लागणारे हे रसायन निर्यातीसाठी बनत होते. कारखाना फार काळ चालला नाही. उत्पादन झाले अवघे ३७५ टन. पण त्यापायी सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ तयार झाला, आणि तो उघड्यावर टाकून देण्यात आला. पावसाचे पाणी त्या गाळातून झिरपत जमिनीत उतरले. आसपासच्या विहिरींचे पाणी गडद झाले. सुमारे साठ विहिरी आणि साडेतीनशे हेक्टरांचा परिसर बाधित झाला. ते पाणी माणसांनी पिण्याजोगे राहिले नाही, की जनावरांना पाजण्याजोगे आणि शेताला देण्याजोगेही राहिले नाही. चिडलेल्या गावकऱ्यांनी अक्षरशः बंड केले. जमावबंदी लागू करावी लागली आणि १९८९ साली उत्पादन थांबले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, तेथील माती आणि पाणी तपासून १९९४ मध्ये अहवाल दिला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. ज्याने प्रदूषण केले, त्यानेच सफाईचा खर्च सोसला पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने ठामपणे सांगितले. पुढे तो खर्च ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक ठरला. तो वेळेवर भरला गेला नाही, तेव्हा २०११ साली न्यायालयाने त्यावर चक्रवाढ व्याजही लावले. कारखाना वर्षभरही धड चालला नाही, पण त्याची बाकी दोन दशके फिटली नाही.

या गाळात काय होते? त्यात चुन्याच्या प्रक्रियेतून निघालेला जिप्समचा गाळ होता, तसाच लोखंडाचाही गाळ होता. एवढे लोखंड तेथे आले कोठून?

लोखंडाचा कीस आणि त्याचा हिशेब

रंग आणि औषधांच्या कारखान्यांत एक प्रक्रिया पुनःपुन्हा करावी लागते. रेणूला चिकटलेला ‘नायट्रो’ गट बदलून त्याचा ‘अमिनो’ गट करायचा, म्हणजेच त्यातील ऑक्सिजन काढून त्या जागी हायड्रोजन बसवायचा. बेशाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५४ मध्ये यासाठी एक सोपी युक्ती शोधली. लोखंडाचा कीस आणि थोडे आम्ल घालून मिश्रण तापवायचे. लोखंड स्वतः गंजते आणि रेणूतला ऑक्सिजन ओढून घेते. एच-आम्लातही ही पायरी आहे, आणि पॅरासिटामॉलच्या जुन्या पद्धतीतही आहे. पॅरा-नायट्रोफेनॉलपासून पॅरा-अमिनोफेनॉल करायचे आणि त्यापासून पॅरासिटामॉल.

आता शाळेत शिकलेल्या रासायनिक समीकरणांवरून हिशेब मांडून पाहा. एक किलो पॅरा-अमिनोफेनॉल मिळवायचे तर कमीत कमी १ किलो १५० ग्रॅम लोखंड खर्ची पडते, आणि सुमारे १ किलो ६०० ग्रॅम लोहऑक्साइडचा काळा गाळ उरतो. हे झाले कागदावरचे गणित. प्रत्यक्षात कीस याहून जास्त घालावा लागतो. गाळ ओला असतो, आणि त्याच्या कणाकणांत रसायने अडकून बसलेली असतात. म्हणजे मालापेक्षा गाळच जड!

हेच काम सरळ हायड्रोजन वायूने करता आले तर? एक किलो मालाला अवघा ५५ ग्रॅम हायड्रोजन पुरतो, आणि उरते काय, तर सुमारे ३३० ग्रॅम पाणी. लोखंड नाही, की गाळ नाही. अडचण एकच आहे. हायड्रोजन आणि नायट्रोफेनॉल एका भांड्यात नुसते कोंडून ठेवले, तर ते एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांची गाठ घालून देणारा कोणीतरी मध्यस्थ लागतो. रसायनशास्त्रात त्याला म्हणतात उत्प्रेरक.

लग्न जमवणारा मध्यस्थ

मध्यस्थ दोन्ही घरांत जातो, बोलणी घडवून आणतो, लग्न लागले की पान-सुपारी घेऊन पुढच्या स्थळाच्या शोधात निघतो. उत्प्रेरकाचे काम नेमके असेच आहे. पॅलेडियम, प्लॅटिनम, निकेल अशा धातूंच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू येऊन बसला की त्याचे दोन अणू सुटे होतात. शेजारी येऊन बसलेल्या दुसऱ्या रेणूशी ते सहज जोडले जातात. नवा रेणू निघून जातो, धातूची जागा पुन्हा रिकामी होते आणि पुढच्या जोडीची सोय होते.

म्हणजे काम होते ते फक्त धातूच्या पृष्ठभागावर. आतल्या अणूंचा काहीच उपयोग नाही. पॅलेडियमसारख्या मौल्यवान धातूचा गोळा टाकणे म्हणजे पैसे तिजोरीत कुलूपबंद ठेवण्यासारखे. त्यापेक्षा त्याचे जितके बारीक कण, तितका पृष्ठभाग अधिक. एक सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग असतो सहा चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे एक मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाएवढे बारीक तुकडे केले, तर तोच पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो!

पण इतके बारीक कण मोकळे ठेवले तर ते एकमेकांना चिकटून पुन्हा गोळा होतात. म्हणून त्यांना आधार द्यावा लागतो. हा आधार साधाच असतो, सक्रिय कोळसा, ॲल्युमिना किंवा एखादी विशिष्ट माती. करवंटीपासून केलेल्या चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला, आतली सर्व छिद्रे धरून, सुमारे हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. त्या असंख्य खोबणींत धातूचे कण बसवायचे. बाजारात ‘पाच टक्के पॅलेडियम’ म्हणून मिळणाऱ्या अशा काळ्या भुकटीच्या एका किलोत धातू असतो फक्त ५० ग्रॅम. बाकी सगळा कोळसा.

साखर की चहापत्ती?

या आधाराचा आणखी एक मोठा फायदा आहे, आणि तो समजायला स्वयंपाकघरातला चहा पुरेसा आहे. चहात आपण साखर घालतो आणि पत्तीही घालतो. साखर विरघळली की ती परत काढता येत नाही. पत्ती मात्र गाळण्यात सहज अडकते. काही उत्प्रेरक साखरेसारखे असतात. ते मिश्रणात विरघळून उत्तम काम करतात, पण काम झाल्यावर त्यांना मालापासून वेगळे करणे जिकिरीचे आणि खर्चाचे ठरते. आधारावर बसवलेला धातू चहापत्तीसारखा असतो. मिश्रण गाळले की माल खाली, उत्प्रेरक वर. धुतला की पुढच्या घाणीसाठी तयार. फरक इतकाच, की चहापत्ती दुसऱ्या खेपेला फिकी पडते. चांगला उत्प्रेरक अनेक खेपा टिकतो.

ही कल्पना आजची नाही. फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याचा मार्ग दाखवला आणि त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये द्रव तेलापासून घट्ट तूप करण्याचे पेटंट घेतले. आपल्या घरांत ती रसायनविद्या पोहोचली १९३७ साली, डालड्याच्या रूपाने. त्या डब्यातले वनस्पती तूप म्हणजे बारीक निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन जोडलेले तेल. सूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून बनलेल्या मातीवर निकेल बसवतात, तेल तापवून त्यात हायड्रोजन सोडतात आणि शेवटी तेल गाळून निकेल परत मिळवतात. रिकाम्या डब्यात तुळस लावणाऱ्या कित्येक गृहिणींना ठाऊकही नसेल, की त्या डब्यातले तूप अशा उत्प्रेरकावरून आले होते.

मात्र याच तुपाने एक धडाही दिला. निकेलच्या पृष्ठभागावर काही रेणू हायड्रोजन न घेताच नुसते वळण बदलून परत जातात. तेच ‘ट्रान्स फॅट’, हृदयाचे वैरी. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले आहे. उत्प्रेरक पुन्हा वापरता येतो, एवढ्यावरून सारे काही निर्धोक ठरत नाही. तो नेमके काय घडवतो, हेही पाहावे लागते.

दुसरे ओळखीचे उदाहरण रस्त्यावर आहे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे उपकरण सक्तीचे झाले. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या चिनी मातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा अतिपातळ थर असतो. शिशाने हा थर निकामी होतो, म्हणून त्याच वेळी शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले.

पुणे आणि हैदराबाद

औषधांच्या जगात या विचाराला जोर आला तो नव्वदच्या दशकात. आयबुप्रोफेन, म्हणजे ‘ब्रुफेन’मधले वेदनाशामक, पूर्वी सहा पायऱ्यांनी बनत असे, आणि त्यात वापरलेल्या रसायनांतील जेमतेम ४० टक्के अणू औषधात उतरत. बाकीचे कचऱ्यात जात. १९९२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात तीनच पायऱ्यांची नवी पद्धत सुरू झाली. हायड्रोजन जोडण्याची एक पायरी आणि पॅलेडियमच्या मदतीने होणारी दुसरी पायरी यांमुळे हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. या पद्धतीला १९९७ साली अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षांचा पुरस्कार मिळाला.

भारतीय शास्त्रज्ञही मागे नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे ‘एनसीएल’ने, ऐंशीच्या दशकातच ‘एन्सिलाइट’ नावाचे घन उत्प्रेरक विकसित करून ते देशातील मोठ्या कारखान्यांपर्यंत पोहोचवले. पुढे १९९९ मध्ये याच प्रयोगशाळेतील सी. व्ही. रोडे, आर. व्ही. चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरासिटामॉलच्याच कच्च्या मालावर केलेले काम प्रसिद्ध झाले. नायट्रोफेनॉलची वाटच टाळायची, स्वस्त नायट्रोबेंझिन घ्यायचे आणि कोळशावरील प्लॅटिनमच्या साहाय्याने एकाच भांड्यात थेट पॅरा-अमिनोफेनॉलपर्यंत पोहोचायचे. यातली मेख अशी, की हायड्रोजन जोडण्याचे काम नेमके अर्ध्यावर थांबायला हवे. थांबले नाही, तर अमिनोफेनॉलऐवजी ॲनिलीन हाती येते. अर्ध्यावरचा तो रेणू आम्लात आपली रचना बदलतो आणि हवा तो पदार्थ मिळतो. उत्प्रेरक किती, दाब किती, आम्ल किती, याचा मेळ बसवण्यातच सगळे कौशल्य आहे.

हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत बी. एम. चौधरी, एम. लक्ष्मी कांतम आणि सहकाऱ्यांनी २००२ साली आणखी एक अवघड प्रश्न हाताळला. कार्बनला कार्बन जोडून रेणूचा सांगाडा उभा करण्याच्या पॅलेडियमच्या प्रक्रिया औषधनिर्मितीत फार मोलाच्या आहेत. त्याच शोधांसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० मध्ये नोबेल मिळाले. पण तेथे बहुधा विरघळणारा, साखरेच्या जातीचा पॅलेडियम लागे, आणि कच्चा मालही महाग आयोडीन किंवा ब्रोमीनयुक्त असे. हैदराबादच्या गटाने पापुद्र्या-पापुद्र्यांच्या मातीसारख्या एका पदार्थावर पॅलेडियमचे अतिसूक्ष्म कण बसवले. त्यांच्या साहाय्याने स्वस्त क्लोरीनयुक्त मालावरही ही जोडणी होते आणि उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

गाळलेला चहा गडद झाला तर?

‘पुन्हा वापरता येतो’ हे शब्द मात्र पारखून घ्यावे लागतात. पॅलेडियमचे काही अणू गरम मिश्रणात आधार सोडून विरघळतात, काम करतात आणि थंड झाल्यावर पुन्हा आधारावर येऊन बसतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. वरवर पाहता उत्प्रेरक जसाच्या तसा दिसतो, पण प्रत्येक खेपेला थोडा धातू मालाबरोबर निघून जातो. याची परीक्षा सोपी आहे. प्रक्रिया अर्धी झाली असताना मिश्रण गरम असतानाच गाळायचे आणि गाळलेले पाणी तसेच तापवत ठेवायचे. पत्ती काढून घेतल्यावरही चहा गडद होत राहिला, तर पत्तीचे काहीतरी आत उतरले आहे हे नक्की!

हा केवळ प्रयोगशाळेतला वाद नाही. विरघळलेला धातू शेवटी गोळीत उतरू शकतो. म्हणून तोंडाने घ्यायच्या औषधांतून रोज जास्तीत जास्त १०० मायक्रोग्रॅम पॅलेडियम पोटात जावे, त्याहून अधिक नाही, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षांश. धातू शोषून घेणाऱ्या पदार्थांतून माल पुन्हा गाळणे, प्रत्येक घाणीची तपासणी करणे, हे सारे त्यामुळे अटळ ठरते.

उत्प्रेरकालाही वय असते. गंधकाचा अंश असलेला माल आला की धातूला ‘विषबाधा’ होते. उष्णतेने कण एकत्र येतात, छिद्रे बुजतात. तेव्हा ही भुकटी फेकून देत नाहीत. जाळून तिची राख धातू शुद्ध करणाऱ्यांकडे जाते. सराफकट्ट्यावरची धूळ पाखडून सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्यांचाच हा आधुनिक व्यवसाय.

आणि कामगाराची सुरक्षितता? वापरलेली भुकटी हायड्रोजनने भारलेली असते. ती कोरडी झाली आणि हवा लागली, तर आपोआप पेट घेऊ शकते. म्हणून ती ओलीच गाळायची, ओलीच ठेवायची, हा कारखान्यातला पहिला नियम आहे.

मग अडते कोठे?

इतके फायदे आहेत, तर लोखंडाचा कीस अजूनही का वापरला जातो? तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे, किंवा गुजरातेतील वापी, अंकलेश्वर अशा वसाहतींतल्या छोट्या कारखानदाराच्या जागी उभे राहून पाहिले की उत्तर मिळते. कीस म्हणजे लेथवरचे भंगार, स्वस्तात मिळणारे. त्याला साधे भांडे पुरते. हायड्रोजनसाठी मात्र दाब सहन करणारे पोलादी पात्र हवे, स्फोट टाळणारी वीजव्यवस्था हवी, परवाने आणि प्रशिक्षित माणसे हवीत. शिवाय उत्प्रेरकाची पहिली खरेदीच छाती दडपवणारी असते. त्याचे पैसे वसूल होतात ते हळूहळू, खेपेमागून खेपेने.

लोखंडाचा गाळ नेहमीच वाया जातो, असेही नाही. जर्मनीत १९२५ च्या सुमारास हीच प्रक्रिया अशी बदलण्यात आली, की निघणारे लोहऑक्साइड रंगद्रव्य म्हणून विकता यावे. लाद्यांचे आणि रंगांचे कित्येक लाल-काळे रंग त्यातूनच आले. पण त्यासाठी गाळ शुद्ध हवा. रसायनांनी माखलेला, उघड्यावर टाकलेला गाळ कुणाच्याच उपयोगाचा नाही.

खरा मुद्दा हिशेबाचा आहे. गाळ ओढ्याकाठी फुकट टाकता येत असेल, तर कीस नेहमीच स्वस्त दिसणार. त्याच गाळाची वाहतूक, सुरक्षित साठवण आणि बिघडलेल्या विहिरींची भरपाई कारखान्याच्या वहीत लिहिली गेली, तर पाच टक्के पॅलेडियमची भुकटी एकदम परवडू लागते.

देशाचा स्वार्थही यात आहे. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरू लागली, तेव्हा भारताला पॅरासिटामॉलच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. आपण गोळ्या बनवतो, पण त्यांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतो, हे त्या वेळी सर्वांना कळून चुकले. त्याच वर्षी केंद्र सरकारने औषधांचा कच्चा माल देशात बनवण्यासाठी प्रोत्साहन योजना जाहीर केली, आणि तिच्या यादीत पॅरा-अमिनोफेनॉलही होते. हा माल पुन्हा आपल्या गावांशेजारी बनणार असेल, तर तो कोणत्या पद्धतीने बनणार, हा प्रश्न त्या गावांच्या पाण्याचा आहे.

औषध स्वस्त हवे, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. पण ती स्वस्ताई दुसऱ्या कुणाच्या विहिरीतून वसूल होत नाही ना, हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे. उत्तर देणारी विद्या पुण्या-हैदराबादच्या प्रयोगशाळांत केव्हाच तयार झाली आहे. आता ती कारखान्याच्या भांड्यात उतरायला हवी.